आत्याचा खडीवरचा वर्ग

आमच्या आत्यासारखी दुसऱ्याच्या जिवाला घोर लावणारी बाई अख्ख्या औसा तालुक्यात झाली नाही. शाळेतून ती निवृत्त झाली होती. पण ती निवृत्ती फक्त सरकारनं मानली, तिनं नाही. लग्नपत्रिका आली की लाल पेन्सिलीनं चुका दुरुस्त करून परत पाठवायची, आणि तरीही जेवायला जायची. लातूरच्या स्टँडवर एसटीच्या पाटीवर 'उदगिर' दिसलं म्हणून तिनं गाडी अडवली होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, वेलांटी कशीबी असली तरी गाडी उदगीरलाच जाती." "जाईल, पण चुकीची जाईल," असं म्हणून आत्यानं खडूनं दुसरी वेलांटी काढली, तेव्हाच गाडी सुटली.

त्यात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात गेली आणि गावच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडू लागल्या. आत्यानं तिथंच वर्ग काढला. दुपारी भाकरीच्या सुट्टीत बाभळीखाली पाटी घेऊन ही उभी. पाण्याचा टँकर आला तरी प्रत्येकीनं आधी मातीत बोटानं नाव लिहायचं, मगच घागर लावायची. त्यातली सुंदरा एकदा चिडलीच. "बाई, घसा कोरडा पडलाय, अन् तुमचं हे काय चालू हाय?" "मग लवकर लिही की!" सुंदरा रडत रडत लिहायची, पण सगळ्यांच्या आधी वाचायला तीच शिकली.

त्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका संस्थेची पाहुणी आली. जिथं जिथं माणसं अक्षराविना राहिली, तिथं वर्ग उघडायला मदत करायचं त्या संस्थेचं काम. दुभाष्यामार्फत तिनं बायांना विचारलं, "तुम्हाला काय वाचायला आवडेल?" मग सुंदरा म्हणाली, "पाऊस कवा येनार ते कुठं लिवलेलं असंल, तर तेवढं वाचीन." पाहुणीनं ते वहीत टिपून घेतलं. बाया ज्या पुस्तकावरून शिकत होत्या, त्याचा दुसरा भाग पाठवायचं तिनं जाताना कबूल केलं. पुस्तकं निघालीही, पण तेवढ्यात लातूर नवा जिल्हा झाला. आमचं गाव जुन्या जिल्ह्याच्या यादीतून निघालं, नव्याच्या यादीत चढलं नाही. आत्या एसटीनं हेलपाटे घालून थकली. पुस्तकं कुठं उतरली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवाळीनंतर बाया ऊसतोडीला निघाल्या. सुंदराच्या कडेवर तान्ही लेक होती. आत्यानं प्रत्येकीच्या हातात स्वतःचा पत्ता घातलेलं एकेक पोस्टकार्ड ठेवलं.

पौषात त्यातलं एकच परत आलं. 'बाई लेक गेली. कुनाला सांगू मनून तुमाला लिवलं. सुंदरा.' कारखान्याचं नाव नाही, गावाचं नाही. पोस्टाचा शिक्काही पुसट. उत्तर पाठवायचं कुठं?

"पत्ता लिहायचा धडा दुसऱ्या भागात होता गं," आत्या मला म्हणाली. "पुस्तक येईल म्हणून मी थांबले. खडूनंसुद्धा शिकवता आला असता की."

चैत्रात ऊसतोडीच्या गाड्या परतल्या. आत्या आणि मी सुंदराच्या दारात गेलो. आत्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. शेवटी सुंदरानंच विचारलं, "बाई, पत्र पोचलं व्हतं?"

"पोचलं."

"समदं वाचता आलं?"

"आलं."

"मग बरं झालं," असं म्हणून सुंदरानं सरकून तिला उंबऱ्यावर जागा दिली. ऊन उतरेपर्यंत दोघी तिथंच बसून होत्या.