अंगठ्याशेजारची जागा

लंडनजवळच्या मेडनहेड स्टेशनवर रोज सकाळी भेटणारे एक गृहस्थ माझं शरीर माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. पेशाने प्रोजेक्ट मॅनेजर, मूळचे पुण्याचे. मध्यंतरी त्यांनी चिनी वैद्यकाचा वीकेंड कोर्स केला आणि तेव्हापासून समोरचा माणूस त्यांना नकाशासारखा दिसतो.

ट्रेन लेट झाली म्हणून मी चिडलो, की लगेच, "लिव्हर!"

"आमचे जीपी डॉक्टर म्हणाले, लिव्हर उत्तम आहे."

"अहो, जीपीचं लिव्हर म्हणजे नुसता अवयव. आमचं लिव्हर म्हणजे अख्खं डिपार्टमेंट! राग, डोळे, प्लॅनिंग, सगळं त्याच्याकडे."

भीती किडनीकडे, काळजी स्प्लीनकडे, दुःख फुप्फुसांकडे. या खात्यांना जोडणाऱ्या वाटा म्हणजे मेरिडियन. त्यांतून फिरणारी शक्ती कुठे अडली, तर डोकं दुखतं म्हणे. मग हे माझ्या अंगठ्याशेजारची जागा अशी दाबतात, की डोकं विसरून मी हात चोळत ट्रेनमध्ये चढतो.

मार्चमध्ये ते दोन आठवडे दिसले नाहीत. परत आले ते खोकतच.

"पोलनची ॲलर्जी," म्हणाले. मग ट्रेन कॅन्सल झाल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आई गेली. पुण्याला जाऊन आलो."

"फुप्फुसांचं खातं कोणतं हो?" हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांचा हात हातात घेतला आणि मला ठाऊक असलेली एकुलती एक जागा हळूच दाबली.

"ही डोकेदुखीची आहे," ते म्हणाले.

हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही.