नावातली मोकळी जागा

बिश्केकच्या ओश बाजारामागे शिवणकामाचा एक कारखाना आहे. तिथे बाह्या जोडण्यात सागिनबेक किझी अकिलायची नऊ वर्षं गेली. किझी म्हणजे मुलगी. सागिनबेकची मुलगी अकिलाय, एवढंच त्या नावात.

बत्तिसाव्या वर्षी तिनं वेबसाइट बनवायला शिकायचं मनावर घेतलं. शेजारच्या मशीनवर तिची वहिनी नुरझात बसे. ती म्हणाली, "कापड सोडून आता हवेत शिवणार का?" पण परीक्षा जवळ आली की हिच्या वाटच्या बाह्या तीच गुपचूप ओढून घ्यायची.

तेरा ठिकाणी अर्ज गेले, नोकरी काही लागली नाही. चौदावी कंपनी मात्र तिला मनापासून हवी होती. छोटीशी, किर्गिझ भाषेत वेबसाइट करणारी. मुदत संध्याकाळी सहापर्यंत. पाचला तिनं शिवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला, अर्ज भरला, बटण दाबलं. लाल अक्षरं उमटली : आडनावात मोकळी जागा चालत नाही.

"जोडून टाक की दोन्ही शब्द. कोण बघतंय?" नुरझात म्हणाली.

"मागे एकदा जोडले होते वहिनी. मुलाखतीत पासपोर्ट बघून म्हणाले, हे नाव वेगळंय, तुम्ही नक्की कोण?"

"मग किझी काढ."

"म्हणजे मीच सागिनबेक झाले. मिशा पण लावू का?"

नुरझातनं तोंडावर हात ठेवला. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. त्यावर हसायचं की नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

साडेपाच झाले. अकिलायनं त्या पानाच्या पोटातला कोड उघडला. चूक एकाच ओळीत होती. ती दुरुस्त करून तिनं कंपनीच्या पत्त्यावर पाठवली, सोबत अर्ज जोडला आणि खाली लिहिलं : तुमच्या दारातून आमच्यासारख्यांना आत येता येत नव्हतं. दार जरा रुंद केलंय.

पाठवलं आणि तिनं लॅपटॉप झटकन मिटला. "वहिनी, नोकरी मागायला गेले आणि त्यांनाच शिकवून आले गं!"

"बरं केलंस. नाहीतरी बाह्या आहेतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. पलीकडचा माणूस आधी पोटभर हसला. "मी झोल्दोश उलु तालाय, कंपनी माझीच. उलु म्हणजे मुलगा, आणि मुलाच्याच फॉर्ममध्ये मुलाचं नाव बसेना! रशियन वळणाच्या, एकाच शब्दाच्या आडनावांचेच अर्ज का येतात, म्हणून महिनाभर डोकं खाजवतोय. फॉर्म आयता घेतला होता, ताई, स्वतः कधी भरून पाहिला नाही. दुपारी येता?"

दुपारी त्यांनी तिच्याकडून तीन कामं करून घेतली. दोन जमली. तिसरं येत नाही, असं तिनं सरळ सांगितलं. "शिकाल," तालाय म्हणाला आणि करारपत्र छापायला टाकलं.

घरी अकिलाय जोडे काढतेय तोवर नुरझात तिच्या हातातलं पत्र हिसकावून आत पळाली. "सुयुन्चू, बाबा, सुयुन्चू! आधी बक्षीस, मग बातमी!"

सासऱ्यांनी खिशातले सगळे जर्दाळू तिच्या ओंजळीत ओतले. चष्मा सापडेना. "तूच वाच बाई, मोठ्यानं."

नुरझातनं पत्र डोळ्यांसमोर धरलं. "...किझी अकिलाय, सोमवारपासून वेब डेव्हलपर."

"आणि किझीच्या आधी काय लिहिलंय?" म्हाताऱ्यानं मुद्दाम विचारलं.

"मोकळी जागा आहे, बाबा," नुरझात म्हणाली. "ती आता चालते."