मार्थाकाकूंचं प्रभुभोजन

"एक प्रॅक्टिकल अडचण आहे. महिन्याच्या त्या चार दिवसांत पाळकबाई प्रभुभोजन कसं देणार?"

हे शमुवेलकाका बोलले. माईकवरून. मंडळीच्या वार्षिक सभेत, माझा अर्ज वाचून झाल्याबरोबर.

कल्याणचं आमचं चर्च लहान. डाव्या हाताला पुरुषांची बाकं, उजव्या हाताला बायकांची. न ओरडता बोललं तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं, पण सभेला माईक लागायचाच. शमुवेलकाका पंचकमिटीचे सेक्रेटरी होते. अर्ज चार ओळींचा होता. मी धर्मशिक्षणाची पदवी घेतली आहे, मला पाळकपदाची दीक्षा मिळावी म्हणून मंडळीने शिफारस करावी, एवढंच.

पुरुषांच्या बाकांवर हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि बाळंतपणाला गेल्या तर? मंडळी काय त्यांच्या माहेरी न्यायची?" मग तर विचारूच नका. बायकांच्या बाजूलाही दोघीतिघी पदर तोंडावर घेऊन हसल्या. ते जास्त लागलं.

माझे वडील तिसऱ्या बाकावर होते. ते खाली बुटांकडे बघत होते. पाळकसाहेब बायबलची पानं उलटत होते. त्यांना काहीही शोधायचं नव्हतं.

मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याला चार वर्षं राहून शिकले होते. ग्रीक शिकले होते. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने येशूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा तो मागे सरकला नाही, तिला मुलगी म्हणाला, यावर मी कॉलेजात मोठा निबंध लिहिला होता. शमुवेलकाकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या निबंधात होतं. ते मला तोंडपाठ होतं. पण जीभ टाळूला चिकटली होती. मी खाली बसले.

'सध्या विचार करता येत नाही' असा ठराव झाला. मग चहा आला. तो मीच वाटला.

शमुवेलकाका कुणी परके नव्हते. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा माझी ट्रंक एसटी स्टँडवर त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून नेली होती. "आपल्या मंडळीची पोरगी शिकतेय," असं ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत होते. शिकायला त्यांची ना नव्हती. शिकून वर चढायला होती.

आमच्या मंडळीतला प्रत्येक पुरुष एक गोष्ट घसा ताणून सांगतो. गावाने आमच्या आजोबांना देवळाच्या पायरीला शिवू दिलं नाही, ख्रिस्ताने आत घेतलं. खरं आहे ते. माझेही आजोबा त्यातलेच, नगरकडचे. पण आत आल्यावर यांनी आपली एक पायरी बांधली आणि बायकोला, पोरीला सांगितलं, तू खाली थांब. वर्षानुवर्षं खाली थांबलेल्या बायकांना त्यात वावगं वाटेनासं झालं. मलाही लहानपणी वाटत नसे.

सभेनंतर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. ठाण्यात खोपट भागात राहायचे आणि तीन मंडळ्या सांभाळायचे. दमलेले असायचे. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी मनाने तुमच्या बाजूने आहे. पुढच्या वर्षी परत अर्ज करा. तोवर कुणाला बोट ठेवायला जागा देऊ नका."

त्यांचं मन माझ्या बाजूने होतं आणि तोंड पंचांच्या बाजूने. तरी मी तो सल्ला मनात धरून ठेवला. पुढचं सगळं त्या सल्ल्यामुळे घडलं.

दीक्षा दिली नाही, काम मात्र भरपूर दिलं. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा वर्ग, माझ्याकडे. आजाऱ्यांच्या भेटी माझ्याकडे. शनिवारी चर्चची किल्ली माझ्याकडे, कारण झाडू-पोछा माझ्याकडे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस देतात, त्या प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे. आमच्यात द्राक्षारस विकत आणत नाहीत. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून पिळून घ्यायच्या. ब्रेडच्या कडा काढून त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. कडा आई आणि मी चहात बुडवून खायचो. छोटे काचेचे प्याले धुवायचे, पुसायचे, तबकात लावायचे. शनिवारी प्रभुभोजनाच्या मेजापाशी मी एकटी उभी असायचे. रविवारी त्याच मेजापाशी पाळकसाहेब आणि दोन पंच उभे राहायचे, आणि मी बायकांच्या बाकावरून बघायचे, तुकडे सारखे झालेत की नाही.

मार्थाकाकू राहायच्या डोंबिवलीला, मानपाड्याजवळच्या एका चाळीत. त्यांना पोटाचा कॅन्सर झाला होता. हॉस्पिटलने घरी न्यायला सांगितलं होतं. त्यांचे मिस्टर दानियलकाका रंगाच्या कंपनीत होते. साबणाने कितीही घासलं तरी त्यांची नखं निळी असायची. मूलबाळ नव्हतं. दर गुरुवारी मी ठाकुर्लीच्या आमच्या घरून त्यांच्याकडे जायचे.

त्या खाटेवर, मी समोर स्टुलावर. गायन म्हणायचो, मी वचन वाचायचे. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, आज उपदेश करा. तिकडं करू देत न्हाईत ना, मग हितं करा." मी हसले, मग खरंच केला. वीस मिनिटं बोलले. एका माणसाची मंडळी, तीही आडवी पडलेली. मला इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं.

काकूंना एकच पाहिजे होतं. जायच्या आधी प्रभुभोजन. चर्चला येणं शक्य नव्हतं, म्हणून पाळकसाहेबांनी घरी येऊन द्यायचं. मी निरोप नेला. एका गुरुवारी साहेबांना लग्न लावायचं निघालं. पुढच्या गुरुवारी कुठेतरी बोलावणं आलं. तिसऱ्या गुरुवारी नक्की म्हणाले.

बुधवारीच मी मनुका उकळल्या. डब्यात ब्रेडचे तुकडे घेतले, बाटलीत रस, रुमालात गुंडाळून दोन प्याले. काकूंनी शेजारणीकडून केस विंचरून घेतले होते. धुतलेलं लुगडं नेसल्या होत्या. दानियलकाकांनी अर्धा दिवस सुट्टी टाकून खाटेवर नवी चादर घातली होती. मग काकूंच्या रसाची मोसंबी संपली म्हणून ते ती आणायला बाजारात गेले.

चार वाजून गेल्यावर खालच्या किराणावाल्याने हाक मारली, फोन आहे. मी धावत उतरले.

"बाई, इथे मीटिंग लांबलीय," पाळकसाहेब म्हणाले. "पुढच्या गुरुवारी नक्की. तोवर तुम्ही प्रार्थना करा."

"साहेब, काकूंचं खरं नाही आता."

"प्रभू समजून घेईल."

मी वर आले. सांगितलं. काकूंनी मान वळवून माझ्या पिशवीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पिशवीत हाय न्हवं?"

"आहे."

"मग तुम्हीच द्या की." काकूंनी हात पुढे केला, तळवा वर.

मी म्हणाले, "मला अधिकार नाही, काकू."

"भाकरीचा तुकडा हातावर ठिवायला कसला आधिकार?"

आणि मी समजावायला लागले. दीक्षा म्हणजे काय, मंडळीचे नियम काय, दीक्षित पाळकाशिवाय का देता येत नाही. ज्या नियमाने मला खाली बसवलं होतं, तोच नियम मी मरायला टेकलेल्या बाईला समजावत होते. छान समजावत होते. मी शिकलेलीच होते ना.

काकूंनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "राहू द्या. तुमचा आर्ज हाय ना तिकडं. तुमचं नुकसान नको माझ्यापायी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कळलं होतं.

आता खरं ते लिहिते. मी थांबले ते नियम पवित्र वाटत होता म्हणून नव्हे. दोन महिन्यांवर सभा होती. माझा दुसरा अर्ज तयार होता. मी काकूंना दिलं असतं तर त्यांनी आनंदाने चार जणींना सांगितलं असतं, ते पंचांच्या कानावर गेलं असतं, आणि बोट ठेवायला जागा मिळाली असती. एवढा सगळा हिशेब मी त्या खाटेपाशी, त्यांच्या डोळ्यांत बघत केला. तेवढा वेळ त्यांनी हात पालथा केला नव्हता, तळवा वर होता. मी पिशवीची चेन लावली. प्रार्थना केली. निघाले.

घरी आल्यावर डबा तसाच फळीवर ठेवला. उघडवेना. सोमवारी निरोप आला की मार्थाकाकू गेल्या. तेव्हा डबा उघडला तर ब्रेडला बुरशी आली होती.

मातीला पाळकसाहेब वेळेवर आले. काकू जिवंत असताना त्यांना तीन गुरुवार जमलं नव्हतं. कबरीपाशी ते चांगलं बोलले. माती देऊन झाल्यावर दानियलकाका माझ्याजवळ आले. मला वाटलं, आमच्या मंडळीत भेटल्यावर करतात तसा सलाम करायला आले.

"तिला मिळालं नव्हतं ना?" ते म्हणाले.

"नाही. पाळकसाहेबांना यायला जमलं नाही."

"ते नव्हते. तुम्ही होता ना तिथं?"

मी हाताची माती झटकत राहिले. 

दानियलकाकांनी चर्चला यायचं सोडलं. भेटेल त्याला सांगायला लागले, माझी बायको तीन आठवडे वाट बघत मेली. मंडळीत कुजबुज सुरू झाली. मग एका संध्याकाळी शमुवेलकाका आमच्या घरी आले. आईने पोहे केले. त्यांनी आवडीने खाल्ले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय काढला.

"काकूंसाठी स्मरणाची उपासना ठेवतोय. तू शेवटपर्यंत जात होतीस, तर साक्ष तूच दे. फक्त एवढं बोल, की शेवटी तिला गिळता येत नव्हतं, म्हणून प्रभुभोजन राहिलं. साहेबांचं नाव उगीच खराब होतंय गं."

"पण काका, त्यांना गिळता येत होतं. मोसंबीचा रस घेत होत्या."

"अगं, तिला काय आता? ती प्रभूपाशी आहे. आणि हे बघ, या वेळी तुझ्या अर्जाचं मी स्वतः बघतो."

मी वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "सांग ना बाळा. एका वाक्याने कुणाचं काय जातंय?"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. शमुवेलकाका हो समजून गेले. पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागेना. मी आधीच एकदा नियम सांगून काकूंचा घास अडवला होता. आता त्यांना तो नकोच होता असं मी सांगायचं होतं. हे सगळं मला कळत होतं आणि तरीही हातून काही होत नव्हतं. शनिवारी मी नेहमीसारखी चर्चला गेले आणि नेहमीसारखी फरशी पुसली. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

रविवारी चर्च भरलं होतं. दानियलकाकांना कुणीतरी समजूत घालून आणलं होतं. पाळकसाहेबांनी मेजाच्या पायरीवरून उपदेश केला. मग माझं नाव घेतलं. साक्ष बायकांनाही देता येते, पायरीच्या खाली उभं राहून. मी खाली उभी राहिले. शमुवेलकाकांचं ते वाक्य घरून कागदावर लिहून आणलं होतं. तो कागद उघडला नाही. या वेळी जीभ सुटली.

मी म्हणाले, "मार्थाकाकूंना गिळता येत होतं. त्या शुद्धीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे प्रभुभोजन मागितलं. भाकर आणि रस माझ्या पिशवीत होता. मी दिला नाही. तुम्ही मला सांगितलंत की बाईला तो अधिकार नाही, आणि मी तुमचं ऐकलं. मला दीक्षा पाहिजे होती म्हणून ऐकलं. हे पाप तुमचं आहे आणि माझंही आहे."

एवढंच बोलले. जाऊन बसले.

शेजारची बाई माझ्यापासून थोडी सरकली. पाळकसाहेबांनी गायनाचा नंबर सांगितला, पण सुरुवात कुणी करेना. दानियलकाका उठले. माझ्या बाकापाशी क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेले. त्यांनी मला क्षमा केली असं मला वाटत नाही. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

आठवड्याभरात पंचांचं पत्र आलं. आजाऱ्यांच्या भेटी बंद. किल्ली परत करावी. त्या वर्षीच्या सभेत माझा अर्ज वाचलाच नाही. वडील पुष्कळ दिवस म्हणत राहिले, "एक वाक्य होतं गं. एक वाक्य."

आता नव्वदचं दशक सरत आलंय. मी ठाण्याला एका शाळेत शिकवते. दक्षिणेकडे बायकांना दीक्षा मिळते असं कानावर येतं. आमच्याकडे अजून नाही. मी दर वर्षी अर्ज देते, आणि ते दर वर्षी नाही म्हणतात. मी तो मान मिळेल या आशेने देत नाही. त्यांना दर वर्षी माझ्या तोंडावर नाही म्हणावं लागावं म्हणून देते.

पण आजाऱ्याच्या खाटेपाशी मी आता कुणाच्या परवानगीची वाट बघणार नाही. किल्ली नसली तरी लोकांची दारं मला उघडतात. ज्याला पाहिजे त्याने मागावं. मी भाकर मोडीन आणि त्याच्या हातावर ठेवीन. नंतर पंचांनी मला बोलवावं. भर सभेत, माईकवरून विचारावं. मी उभी राहीन आणि सांगेन, हो, दिलं, आणि उद्या कुणी मागितलं तर उद्याही देईन.