अंगणातलं घड्याळ

मोखाड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर माझे शेजारी आहेत. ते खडू कानामागे अडकवतात आणि मग दिवसभर शोधतात. त्यांचं बहुतेक बोलणं "आता बघा"ने सुरू होतं, दाखवायला काही असो वा नसो.

परवा त्यांच्या वर्गात गेलो. होळीला वीटभट्टीवरून घरी परतलेली एक मुलगी बाकावर पेंगत होती. भट्टीवरचं काम रात्रीचं, त्यामुळे तिथे ती रात्री जागायची.

"सर, झोपाळू परत झोपली!" मुलं ओरडली.

"आता बघा, तिच्या अंगातलं घड्याळ अजून भट्टीवरच आहे. चला अंगणात."

सरांनी तिला दारात उभं केलं. ती पेशीतलं जनुक झाली आणि मुलं प्रथिनं. तिनं "या!" म्हटलं की एक मूल वर्गातून अंगणात यायचं. गर्दी झाल्यावर सगळ्यांनी मागे फिरून तिचंच तोंड दाबलं. हाक बंद पडली. मग प्रथिनं विरली, म्हणजे मुलं एकेक करून खाली बसली, आणि तिचं तोंड मोकळं झालं.

"अशी एक फेरी म्हणजे एक दिवस. पेशीपेशीत ती चालते. सकाळचं ऊन तिची वेळ जुळवतं," सर म्हणाले.

"मग मी आळशी नाय?" तिनं विचारलं.

"नाय. रोज सकाळी उन्हात बस. मीपण बसतो."

तिनं पुढची "या!"ची हाक इतक्या जोरात मारली, की शेजारचा वर्गही बाहेर आला.

"आता बघा," सर हसले, "जास्तीची प्रथिनं!" आणि कानामागचा खडू शोधू लागले.