झेंड्याच्या कापडाची झोळी

झरीच्या लिंबाजीकडं जमीन दोन एकर, बैल एक आणि चौकशा मात्र गाडाभर. भेटेल त्याला तो एकच प्रश्न विचारायचा. तलाठ्याला विचारी, "जमिनी मोजायची हौस हाय का नुसती नौकरी?" पोस्टमनला विचारी, एसटीच्या ड्रायव्हरला विचारी. एकदा गावात आलेल्या फौजदारालाच विचारलं आणि त्यानं दुपारभर चावडीत बसवून ठेवलं. तरी खोड गेली नाही.

नामांतराची दंगल होऊन गेली, त्याच्या पुढच्या साली झरीच्या कपाशीवर अळी पडली. मग फवारणीचं विमान आलं. माळावरचे दगड वेचून धावपट्टी केली आणि झेंडा धरायला चार धडधाकट माणसं रोजानं घेतली. त्यांत लिंबाजी. काम दिसायला सोपं. कपाशीच्या टोकाला पांढरा झेंडा धरून उभं राहायचं. विमान झेंड्याकडं तोंड करून, पिकाच्या वर पुरुषभर उंचीनं यायचं. ते नीट रोखात आलं की वीस पावलं बाजूला सरकायचं आणि पुढच्या फेरीसाठी झेंडा पुन्हा वर. सरकायला उशीर झाला तर औषधानं आंघोळ. लिंबाजीला रोज एकदा तरी आंघोळ व्हायची, कारण त्याचा पायच निघत नसे. जन्मात त्याच्या इशाऱ्यावर बैलसुद्धा धड चालला नव्हता आणि इथं आभाळातलं यंत्र त्याच्या हातातल्या कापडाकडं बघत येत होतं.

विमान चालवणारा वालूरच्या कापडदुकानदाराचा मुलगा निघाला, मन्मथअप्पा. वय सव्वीस, कपाळाला भस्म, शर्टाच्या आत गळ्यात लिंग. हैदराबादेत शिकून आला होता. पहिल्याच दिवशी न्याहारीच्या वेळी लिंबाजीनं त्याला गाठलं.

"अप्पा, ही हौस हाय का नौकरी?"

"नौकरी," अप्पा म्हणाला. "घंटे भरायलोय, लिंबाजीभाऊ. ठरले तेवढे घंटे उडालं की मोठ्या विमानावर घेतात, माणसं नेणाऱ्या. हौस तिकडं हाय. हितं काय, अळ्या मारायच्या."

लिंबाजीला उत्तर काही पटलं नाही. पण आढेवेढे न घेता बोलणारा माणूस त्याला आवडून गेला.

झेंड्यासाठी प्रत्येकाला मांजरपाटाचे दोन तुकडे मिळाले होते, एक धरायला आणि एक पहिला फाटला तर. लिंबाजीचा दुसरा तुकडा घरी गेला. त्याची बायको बायनाबाई नुकतीच बाळंतीण झाली होती, मुलगी तीन महिन्यांची होती आणि जुन्या लुगड्याची झोळी विरली होती. कोरं, दणकट कापड बघून बायनाबाईनं त्याची झोळी केली. चोरी म्हणायची तर चोरीच, पण नवराबायकोला त्या दिवशी तसं वाटलं नाही.

सहाव्या दिवशी बायनाबाई त्याची भाकरी घेऊन शेतावर आली. बांधाच्या टोकाला बाभूळ होती. तिनं झोळी बाभळीला बांधली, पोरीला निजवलं आणि ती पाणी आणायला विहिरीवर गेली. लिंबाजी तिथून शंभर पावलांवर, पाठमोरा उभा होता. विमान वळलं, त्यानं झेंडा वर केला. पण विमान त्याच्याकडं येईना. त्याचं तोंड भलतीकडंच होतं. लिंबाजीनं मागं वळून पाहिलं, तर वाऱ्यानं झोळी हलत होती, अगदी झेंड्यासारखी.

तो ओरडत धावत सुटला. विमानाच्या आवाजात त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू येत नव्हतं. औषधाचा धूर सोडत विमान सरळ बाभळीवर चाललं होतं. आणि अगदी शेवटच्या घटकेला धूर बंद झाला, विमान एकदम वर उचललं गेलं, चाक शेंड्याला लागलं आणि एक फांदी मोडून बांधावर पडली. लिंबाजीनं पोरीला उचललं. ती जागी होती. तिच्या अंगावर औषधाचा थेंब नव्हता. तिकडं माळावर विमान वाकड्या चाकानं कसंबसं उतरलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब जीप घेऊन आले. मारुतीच्या पारापुढं टेबल मांडून त्यांनी चौकशी लावली. अप्पा एकच वाक्य बोलला, "रोख चुकला, चूक माझी." ते लिहून घेतलं गेलं. विमानाचा मिस्त्री बन्सीधर लिंबाजीला बाजूला घेऊन गेला.

"पुढच्या महिन्यात त्याला मोठ्या विमानासाठी बोलावणं हाय. कागदावर निष्काळजी म्हणून पडलं की संपलं. मग जन्मभर अळ्याच मारायच्या."

"मग झोळीचं का सांगंना गेलेत ते?"

"सांगितलं तर तुज्यावर चोरी येती. कापडवाल्याचं पोर ते. त्याला मांजरपाट कळत न्हाई व्हय?"

लिंबाजी घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. काम जाईल, नाव जाईल, साहेब पोलिसांत देतील, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग पोरीला गोधडीवर ठेवून तिनं झोळी सोडली, घडी केली आणि त्याच्या हातात दिली.

"जावा," ती म्हणाली. "लेक जिती हाय आपली."

लिंबाजीनं टेबलावर झोळीचं कापड ठेवलं आणि शेजारी हातातला झेंडा. "साहेब, ह्यो तुकडा मी घरी नेलता. त्याची झोळी केली. अप्पांनी झेंडा बघूनच रोख धरला. चूक माझी हाय." साहेबांनी त्याला भरपूर झाडलं आणि कामावरून काढलं, पण कागद बदलला. जायच्या आधी अप्पा घरी येऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. वर्षभरानं पोस्टकार्ड आलं, मोठं विमान मिळालं म्हणून.

गावानं काही वर्षं लिंबाजीला झेंडाचोर म्हणून घेतलं. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. पोरीचं नाव मनकर्णा ठेवलं. ती पहिलं पाऊल टाकताना, पाटीवर पहिलं अक्षर काढताना, कधी नुसती हसताना, तो मनातल्या मनात वालूरच्या दिशेला हात जोडायचा. हळहळ एकाच गोष्टीची होती. पुन्हा कधी त्याच्या हातात झेंडा आला नाही. ते सहा दिवस म्हणजे त्याच्यासाठी नुसता रोजगार नव्हता, हे त्याला काम गेल्यावर कळलं.

विद्यापीठाचं नामांतर झालं, त्या जानेवारीत एसटीतून एक टक्कल पडलेला माणूस उतरला आणि लिंबाजीचं घर विचारत आला. कपाळावरच्या भस्मावरून लिंबाजीनं ओळखलं. शेतात हुरडा भाजला. नववीतली मनकर्णा कणसं चोळून देत होती आणि अप्पा हुरडा खायचा सोडून तिच्याकडंच बघत होता.

"मग अप्पा," लिंबाजीनं विचारलंच, "आता सांगा. हौस का नौकरी?"

"नौकरी," अप्पा हसला. "लय चांगली नौकरी. तिच्यावर घर चालतं, तिला नावं ठेवणार न्हाई. पण हौस हितंच राहिली, भाऊ. तिकडं खाली ढग असतात. हितं माणूस दिसायचा. त्या दिवशी झोळीतून एवढासा पाय बाहेर आलता. तो दिसला म्हणून हात वर ओढला मी. अजून दर बारीला उतरताना तो पाय आठवतो आणि मी नीट उतरतो."

त्यानं पिशवीतून एक घडी काढली. धुऊन धुऊन मऊ झालेला झोळीचा मांजरपाट. "साहेबांनी टाकून दिलता. मी ठेवला. तुमी त्या दिवशी आला नसता तर मी आज कुठं असतो? आता तुमचं तुमाला." लिंबाजीनं कापड दोन्ही हातांनी घेतलं.

"गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी हैदराबादेला जाताना तुमच्या शिवारावरून जातो," अप्पा निघताना म्हणाला. "वरून मला काय दिसणार न्हाई, खोटं कशाला सांगू. तरी उभं राहा."

गुरुवारी तिघं बांधावर गेले. बाभळीच्या त्या मोडलेल्या फांदीचा खुंट अजून तसाच होता. मनकर्णाला आधी दिसलं, निळ्या आभाळात एक पांढरा ठिपका. लिंबाजीनं कापड काठीला लावून वर धरलं. ठिपका डोक्यावर आला तसा लिंबाजी बाजूला सरकू लागला. मोजून वीस पावलं चालला, थांबला आणि पुढच्या फेरीसाठी झेंडा पुन्हा उंच केला.

"बाबा, ते आता माघारी येत नसतंय," मनकर्णा म्हणाली.

"ठावं हाय," लिंबाजी म्हणाला आणि झेंडा तसाच धरून उभा राहिला.