उदगीरच्या आयांसमोर वाचलेला प्रस्ताव

नांदेडला एम.एस.डब्ल्यू. करताना मी दुपारनंतर एका मॅडमकडे कामाला जायचे. मॅडम छोट्या संस्थांना निधीसाठीचे प्रस्ताव लिहून देतात. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, तेच ऑफिस. कामाचे ठरलेले पैसे घ्यायचे, मंजूर रकमेतला टक्का घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. काही संस्थाचालकांना तो पटत नाही. "टक्का नाही म्हणता मॅडम, मग जीव लावून कसं लिहाल?" असं एकाने तोंडावर विचारलं होतं. मॅडमनी त्याला चहा पाजला आणि त्याचं काम जीव लावूनच केलं.

त्यांचा दुसरा नेम मला जड जायचा. ज्यांच्याबद्दल प्रस्ताव लिहिला, त्यांना तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच पाठवायचा. ऑनलाइनच्या जमान्यात एसटीने जाऊन वाचून दाखवायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. पण मॅडमपुढे बोलायची माझी छाती नव्हती. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. मुदखेडजवळच्या गावात आई फुलांच्या मळ्यात तोडणीला जाते. ऑफिसात कुठे बसायचं, कधी बोलायचं, हे मी दुसऱ्यांकडे बघूनच शिकत होते.

मी एकटीने लिहिलेला पहिला प्रस्ताव उदगीरचा. तिथे एक आपा आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, हातपाय आखडलेल्या, चालता न येणाऱ्या मुलांचं केंद्र चालवतात. लातूरहून फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा येऊन मुलांकडून व्यायाम करून घ्यायच्या. त्यांचं मानधन ज्या देणगीदाराकडून यायचं, तो महिनाअखेर थांबणार होता. नवा निधी मिळाला नाही तर लातूरच्या बाई येणार नव्हत्या. प्रस्तावाची शेवटची तारीख होती त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. सतरंजीवर सात-आठ आया बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर किंवा शेजारी लेकरू. मी उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "बसून वाच गं." मी बसले आणि वाचायला लागले.

मी लिहिलं होतं की या भागातील माता अज्ञानी व असहाय्य असून अंधश्रद्धेपायी आपल्या मुलांना घरात कोंडून ठेवतात. त्यांच्या डोळ्यांतील अश्रू कधीच सुकत नाहीत. अशी दोन पानं होती. मला ती चांगली जमली आहेत असं खरंच वाटत होतं.

वाचून झालं. मग मुलाच्या पोटरीला तेल चोळत असलेली एक आई मान वर न करता म्हणाली, "बाई, ह्या बाया कुठल्या गावच्या हायत?"

"म्हणजे?"

"न्हाई, लईच वाईट चाललंय त्यांचं. आधी त्यांनाच द्या म्हणावं पैसे. आमचं बघू मागून."

सगळ्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला.

"आन् कोंडून कुणी ठेवलंय?" ती पुढे म्हणाली. "ह्याचा बाप मोंढ्यात हमाल हाय. रोज गाड्यावर घालून नेतोय ह्याला. धान्याच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून बसतंय दिवसभर. कोणत्या हमालानं किती पोती उचलली, सगळं ह्याला तोंडपाठ."

"अडाणी म्हणा की," दुसरी म्हणाली, "अडाणी हाव आम्ही. पर असहाय्य काय असतंय? ह्याला घेऊन हैद्राबादपस्तोर जाऊन आले मी एकली."

आपा मात्र अस्वस्थ होत्या. "रहने दो ना, मॅडम. अच्छा लिखी है बच्ची. मेरे को तो रोना आया," त्या म्हणाल्या, आणि मग आयांकडे वळून मराठीत, "तुम्ही एवढ्या हुशार दिसलात तर त्यांना वाटंल, ह्यांना मदतीची काय गरज? बाई यायच्या बंद झाल्या तर मी काय करू?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझाही अनुभव तोच होता. वसतिगृहाच्या अर्जात मी आईबद्दल असंच लिहिलं होतं: निरक्षर, लाचार, वगैरे. तिने खाली अंगठा उठवला. त्यात काय आहे ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. प्रवेश मिळाला होता. तेव्हापासून मला वाटायचं, अर्ज असाच लिहायचा असतो. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

मॅडमनी आयांकडे बघितलं.

मोंढ्यातल्या मुलाची आई म्हणाली, "आपा, रडून पैसे आले तर दरसाली रडावं लागंल. मला न्हाई जमायचं."

"आन् ते खुर्च्यांचं काय लिहिलंय?" तिसरीने विचारलं. मी चाकांच्या खुर्च्या आणि एक यंत्र मागितलं होतं, कारण प्रस्ताव भारदस्त दिसतो.

"आमच्या गल्लीत चिखलात रुततेत त्या. खुर्च्या नकोत. लातूरच्या बाई पाहिजेत."

आपांनी ओढणी सावरली आणि त्या म्हणाल्या, "ठीक आहे. लिहा. पण लवकर लिहा, पाच वाजता बंद होतंय ते."

मग जे झालं त्याला मी लिहिणं म्हणणार नाही. त्या सांगत गेल्या आणि मी उतरवत गेले. लातूरच्या बाई आल्यापासून कोणाचं लेकरू आपल्या हाताने पेला धरतं. बाईंचं लग्न होतं तेव्हा तीन आठवडे खंड पडला, तर कोणाचा पाय पुन्हा कसा आखडला. घरी आया किती व्यायाम घेतात आणि आखडलेला पाय दाबून सरळ करायचा व्यायाम त्यांना भीतीने कसा घेता येत नाही. तो शेवटचा मुद्दा मॅडमनी दोनदा विचारून घेतला. "हीच गरज आहे," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "ही पहिल्या ओळीत घे."

मी मराठीत लिहीत होते, मॅडम शेजारी बसून लॅपटॉपवर इंग्रजी करत होत्या. मध्येच आपांनी भगर आणि शेंगदाण्याची आमटी आणली. त्या दिवशी बहुतेक आयांचा उपवास होता. पाचला सात-आठ मिनिटं असताना प्रस्ताव गेला.

परत येताना मी एसटीत विचारलं, "मॅडम, तुम्ही माझं आधी वाचलं होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर तू फक्त शब्द बदलले असतेस," त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकवून झोपल्या.

उत्तर यायला दोन महिने लागले. महिना संपला तसं लातूरच्या बाईंचं येणं थांबलं. आया फोनवर व्हिडिओ बघून जमेल तसा व्यायाम घ्यायच्या. आपांचा फोन आला की मला धडकी भरायची. माझी दोन रडकी पानं गेली असती तर एव्हाना पैसे आले असते का, हा विचार मी रोज करायचे. अजूनही मला ते नक्की सांगता येणार नाही.

मंजुरी आली ती एका वर्षाची, फक्त बाईंच्या मानधनाची आणि प्रवासाची. त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम उदगीरला गेले. बाई अकराला येणार होत्या आणि आया साडेनऊपासून बसल्या होत्या. बस उशिरा आली. बाई दारात दिसताच एकीने टोमणा मारला, "मंजूर झालं की लगेच उशीर का, बाई?"

"अहो, वाटेत टायर बदलला," त्या चप्पल काढत म्हणाल्या. आपांनी चहा पुढे केला. बाईंनी तो खिडकीत ठेवला, हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि सतरंजीवर बसून मोंढ्यातल्या मुलाचा पाय हातात घेतला. हळूहळू सरळ करू लागल्या. एका जागी पाय अडला. खोलीत सगळ्या बघत होत्या.

"आखडलाय," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही बराच राखलाय. येईल महिन्याभरात जागेवर."

त्याच्या आईने पदराने कपाळ पुसलं आणि दुसरा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. "दावा बाई," ती म्हणाली, "कुठं दाबायचं ते. ह्यालाच भ्यायले मी."