कुंकवाच्या करंड्याशेजारच्या गोळ्या

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आमच्या घरी देवघरात असायच्या, कुंकवाच्या करंड्याशेजारी. माहूरला देवीला जायचं ठरलं की माय विचारायची, "तुझी कधी हाय?" मग लोह्याच्या मेडिकलवरून पाकीट यायचं.

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली पहिली मीच. नांदेडच्या कॉलेजात हार्मोन्सचा चढ-उतार दाखवणारी आकृती माझ्याइतकी नीट कुणाची येत नव्हती. माझ्या अंगात तेच चालू होतं. पाळीच्या आधी हिरड्या सुजायच्या, पोट साफ व्हायचं नाही, बांगड्या हातात रुतायच्या, झोप उडायची. मग डोळ्यांसमोर नागमोडी रेघा चमकायच्या, अर्धं दिसायचं नाही आणि डोकं ठणकायला लागायचं. गोळ्या घेतल्या की हे लांबत जायचं. घरात त्याला पित्त म्हणायचे, मीही म्हणायचे.

लातूरला नोकरी लागल्यावर एका डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी म्हणाले, "कुठल्याच नाही." खोटं बोलले नव्हते. त्या गोळ्या देवाच्या कामाच्या होत्या, औषधात कधी धरल्याच नव्हत्या.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी परत विचारलं, "सणावाराला, लग्नाकार्यात काही घेता?"

सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. अशा रेघा दिसत असतील तर हार्मोनच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, मेंदूला धोका असतो, म्हणाल्या. मला भीती वाटायला हवी होती. मी रिक्षा केली आणि ऑफिसला गेले.

पुढं भावाच्या पोराचं जावळ निघालं, माहूरला. आमच्यात पहिले केस आत्या पदरात झेलते, आणि आत्या मी एकटीच. मायचा फोन आला. "गोळी आणून ठेवली."

"मी घेणार न्हाई."

"एकदा घेतल्यानं काय मरतीस का?"

"डॉक्टरबाई तेच म्हणल्या."

 फोन तिनंच ठेवला.

जायच्या दिवशी सकाळी जीपमध्येच पाळी आली. सगळे वर गडावर गेले, मी खाली जीपमध्ये बसून राहिले. केस चुलत आत्यानं झेलले. रेघा आल्या, मी डोळे मिटून घेतले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

माय खाली आली. प्रसाद हातात न देता सीटवर ठेवला.

"डोकं दुखून राहिलं का?"

"हाव."

तिनं खिडकीला टॉवेल अडकवला, ऊन लागू नये म्हणून. मग हळूच म्हणाली, "तुझ्या वहिनीनं घेतलीय गोळी. तिचंबी डोकं लई दुखतं."

"रेघा दिसतात का, विचार तिला."

वहिनी पुढच्या सीटवर येऊन बसली होती, टक्कल केलेलं पोर मांडीवर झोपलेलं. जीप निघाली.  घरात शिरल्यावर मायनं देवघरातलं पाकीट उचललं, वहिनीला हाक मारली, "तुला डोळ्यांपुढं रेघा दिसतात का गं?"